तापानंतर निवळलेले रक्त

रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकास तीव्र जंतुसंसर्ग होतो, ताप चढतो आणि तो उतरल्यावर, केमोथेरपी सुरू झालेली नसतानाही, रक्तातील कर्कपेशी दिसेनाशा होतात. अशा घटनांची वैद्यकशास्त्रात नोंद आहे; मात्र त्या अत्यंत विरळ. जंतूंशी झुंजताना प्रतिकारशक्ती खवळते, इंटरफेरॉनसारखी द्रव्ये स्रवतात, टी-पेशी जागृत होतात आणि त्यांच्या माऱ्यात कर्कपेशीही सापडतात, असा याचा उलगडा केला जातो.

परंतु हा उतार बहुधा काही आठवडे वा महिनेच टिकतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त निर्मळ दिसले, तरी अस्थिमज्जेत कोट्यवधी कर्कपेशी दडून राहू शकतात. वहीतले एक पान कोरे दिसले म्हणून देणे फिटले, असे कोणता व्यापारी मानील?

पुष्कळदा तर हा गुण आपोआप आलेला नसतोच. ताप वा सांधेदुखीवर निदानापूर्वीच स्टेरॉइड दिले गेले, तर ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या मरतात. मूल पुन्हा अंगणात खेळू लागते, घरात नवस फेडला जातो आणि खरे निदान लांबते. म्हणून न हटणारा ताप, फिकटपणा, अंगावरचे काळे-निळे डाग वा हाडांचे दुखणे असेल, तर स्टेरॉइडपूर्वी रक्ततपासणी झाली आहे ना, हे वणी-पुसदच्या पालकांनीही डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात औषधांनीही बहुतेकांचे रक्त पहिल्या महिन्याभरातच स्वच्छ होते. उपचार मात्र दोन ते तीन वर्षांचे. खरी कसोटी येथेच लागते. यवतमाळहून नागपूरच्या वा मुंबईच्या फेऱ्या, बंद राहणारे दुकान, आणि समोर हसते-खेळते मूल! तरीही ज्यांचे उपचार नियमित पूर्ण होतात, त्यांतील बहुसंख्य मुले बरी होतात. मध्येच सोडले, तर रोग परततो, आणि परतलेला रोग अधिक चिवट असतो.

प्रतिकारशक्तीचे हेच सामर्थ्य आता हेतुपूर्वक वापरले जाते. रुग्णाच्या टी-पेशी काढून, कर्कपेशी ओळखण्याची क्षमता त्यांना प्रयोगशाळेत देऊन, त्या पुन्हा शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या अशा भारतीय उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. खर्च परदेशाच्या सुमारे एकदशांश, तरी लाखांच्या घरातला. ती मान्यता १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी होती, आणि तीही रोग उलटल्यास वा नेहमीच्या औषधांना न जुमानल्यासच.