काळा धूर गेला, हयगय परवडेना

गेल्या खरिपाच्या तोंडावर एका गावी गेलो, तर एक काका नव्या ५५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरजवळ डोक्याला हात लावून बसलेले. ट्रॅक्टर ओढेना. "साहेब, जुना पंधरा वर्षं वापरला, पण अशी तऱ्हा कधी नव्हती," काका म्हणाले. आठ दिवस आधी त्यांनी मला मीटरवरचा पिवळा दिवा दाखवला होता आणि "चालू द्या, काही होत नाही" असे मीच सांगून बसलो होतो! ऐन पेरणीत चार दिवस ट्रॅक्टर दुरुस्तीला उभा राहिला. म्हणून हा लेख.

आपल्याकडे ट्रॅक्टरच्या धुराला १९९९ पासून नियम लागू झाले. पुढे ते कडक होत गेले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना 'ट्रेम-४' हा टप्पा लागू झाला. ५० ते ७५ अश्वशक्तीच्या गटात धुरातील काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅमवरून ०.०२५ ग्रॅमवर, म्हणजे सोळाव्या हिश्शावर आली. त्या वेळी ५० खालच्या ट्रॅक्टरना हा बदल लागू झाला नाही.

एवढी काजळी जुन्या पंपाने कमी होणे अवघड. म्हणून कॉमन रेल इंजिन आले. यात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने, बारीक तुषार होऊन जाते. किती आणि कधी सोडायचे हे संगणक ठरवतो. याचा फायदा शेतात दिसतो. रोटाव्हेटर जड मातीत शिरला तरी इंजिन लगेच दबत नाही आणि कमी फेऱ्यांवरही ओढ चांगली मिळते.

पण दुसरी बाजूही आहे. अनेक मॉडेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळीची गाळणी असते. ती भरली की इंजिन धूर खूप तापवून काजळी जाळते. ट्रॅक्टर तासन्‌तास कमी फेऱ्यांवर, हलक्या कामाला चालवला तर गाळणी लवकर भरते. दिव्याकडे दुर्लक्ष केले की इंजिन आपणहून ताकद कमी करते. काकांचे तेच झाले.

शेतकरी बंधूंनी एवढे सांभाळावे :

१) गंजक्या ड्रममधले, पाणी उतरलेले किंवा रॉकेल मिसळलेले डिझेल घालू नये. जुना पंप हे सोसायचा, नवा इंजेक्टर सोसत नाही.

२) डिझेल फिल्टरखालच्या वाटीतले पाणी नियमित काढावे.

३) काजळी जळत असताना इंजिन मध्येच बंद करू नये. त्या वेळी ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या काडात उभा करू नये.

४) इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिले आहे तेच वापरावे.

५) ट्रॅक्टरला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

खरेदीपूर्वी आपले काम खरेच ५० वरचे आहे का, हे पाहावे. असेल तर जवळ संगणकाने दोष तपासणारा मेस्त्री आहे का, याची खात्री करावी. पान्हा आणि हातोडी घेऊन येणारा फिटर इथे पुरा पडत नाही.

आणि पिवळा दिवा लागला तर आधी पुस्तिका उघडा. साहेबांना नंतर विचारा!