जुनें यंत्र आणि नवा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नित्याची मोफत देखभाल थांबविली आणि घरोघरच्या धडधाकट संगणकांना अकालीं वार्धक्य आलें. पूर्णेंतील आमच्या घरचा संगणकहि भंगारांत घालावा, असें चिरंजिवांचें मत पडलें. त्याची स्मृति दोन गीगाबाइट. विंडोज ११ किमान चार मागते. परंतु हिशेब, पत्रें आणि नातवंडांचे निबंध यांस दोन कां पुरूं नयेत?

युनिक्स ही प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मली; १९९१ सालीं लिनस टॉरवल्ड्स यांनीं आरंभिलेलें लिनक्स तिच्याच वळणाचें. या कुळांत चित्रमय पडदा हा देहाचा भाग नव्हे, अंगरखा होय. काळ्या पडद्यावर नुसतीं अक्षरें असतांनाहि यंत्र पूर्ण कामांत असतें. १९८४ सालीं एमआयटी येथें निघालेली एक्स ही व्यवस्था चित्रें काढते. चौकटी हलविणारा कारभारी निराळा, आणि पट्टी, चित्रखुणा, फाइलींचें कपाट यांचा संसार निराळा. ग्नोमचा संसार थाटाचा आणि स्मृतीस महाग, एक्सएफसीईचा बेताचा.

आधीं जुन्या फाइली अन्यत्र उतरून घ्याव्या, हें वाचकांनीं विसरूं नये. आम्हीं डेबियन प्रथम चित्रपडद्यावांचूनच घातलें. मागाहून एक्सऑर्ग व एक्सएफसीई जोडलें. (जंक्शनच्या गांवीं डबे मागून जोडण्याचें नवल कोणास?) बिंदूनें आरंभ होणाऱ्या एक्सइनिटआरसी नांवाच्या फाइलींत 'एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४' ही ओळ लिहिली, 'स्टार्टएक्स' ही आज्ञा दिली, आणि पडदा उजळला. खिडक्यांना सावल्या पाडणारा कंपोझिटर बंद केला. जुन्या यंत्रास तो केवळ शोभेचा भार.

खरें काम पुढेंच होतें. मराठी अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन! लोहित देवनागरी हा टंक बसवितांच ते गेले. कळफलक इन्स्क्रिप्ट घेतला. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांत तो दिलेला आहे. त्याच्या योजकाला वर्णमाला चांगली ठाऊक असली पाहिजे. डाव्या हातास स्वर, उजव्या हातास बहुतेक व्यंजनें. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबली कीं 'ख', 'त'च्या कळीवर 'थ', 'प'च्या कळीवर 'फ'. अल्पप्राणाचा महाप्राण एका बोटाच्या जोरावर! चिरंजिवांस रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची संवय, त्यांचीं बोटें येथें अडखळतात. थोरल्या वहिनींस मात्र आठ दिवसांत साधलें, आणि लिंबाच्या लोणच्याचें प्रमाण त्यांनीं सुनांसाठीं स्वहस्तें टंकून ठेविलें आहे.