सांगितल्यावांचून पाळलेली आज्ञा

पहांटे घराचें दार उघडलें, कीं अंगणांत सडा पडतो, रांगोळी उमटते. हें काम कोणी कोणास रोज सांगत बसत नाहीं. दार उघडणें हीच त्याची सूचना असते. संगणकावरील प्रोग्रॅमलाहि अशी संवय लावतां येते.

लेखनासाठीं वापरला जाणारा मायक्रोसॉफ्टचा ‘वर्ड’ हा प्रोग्रॅम याचें उत्तम उदाहरण होय. जें काम वारंवार करावें लागतें, त्याच्या आज्ञा एकदां क्रमानें लिहून ठेवितां येतात. या आज्ञासंचास ‘मॅक्रो’ म्हणतात. मॅक्रो एरवीं बोलावल्यावांचून चालत नाहीं. परंतु त्यास ‘ऑटोएक्झेक’ हें नांव देऊन ‘नॉर्मल’ या मूळ सांच्यांत ठेविलें, कीं वर्ड सुरू होतांच तो आपोआप चालतो. ‘ऑटोओपन’ हें नांव दिल्यास फाइल उघडतांच चालतो. नांव हाच येथें संकेत. एखाद्या दिवशीं हें नको असल्यास सुरुवातीस शिफ्टची कळ दाबून धरावी.

मात्र आज्ञा लिहिणारा कोण, हें प्रोग्रॅमला समजत नाहीं, आणि संकट येतें तें येथूनच. १९९५ सालीं ‘कन्सेप्ट’ हा विषाणु याच वाटेनें पसरला. दूषित फाइल उघडतांच त्याचा ‘ऑटोओपन’ चाले, मूळ सांच्यांत शिरे आणि तेथून इतर फाइली दूषित करी. त्यानें फारशी हानि केली नाहीं. परंतु वाट दाखवून दिली. मार्च १९९९ मध्यें आलेला ‘मेलिसा’ हा विषाणु फाइल उघडणाऱ्याच्या आउटलुकमधील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःस धाडी. ओळखीच्या माणसाचें पत्र म्हणून लोक तें निःशंकपणें उघडीत, आणि कित्येक मोठ्या संस्थांस आपली ई-मेलची व्यवस्था कांहीं काळ बंद ठेवावी लागली.

१९९७ च्या आवृत्तीपासून वर्ड मॅक्रो असलेली फाइल उघडतांना सावध करूं लागला होता. पण पुष्कळांनीं ती सूचना न वाचतांच संमति दिली. अखेर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळांतच अडविण्यास आरंभ केला.

म्हणून या सोयीचा त्याग करण्याचें कारण नाहीं. मॅक्रो स्वतः लिहावा, अथवा वाचून व समजून मगच ठेवावा. पहांटे दार कोणासाठीं उघडावें, हें मात्र घरधन्यानेंच ठरवावयाचें असतें.