अमेरिकेतील निवृत्तिखाते आणि वारसाचा कर

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील लोकांस मोकळी झाली आणि महाराष्ट्रातील अनेक डॉक्टर व इंजिनिअर तिकडे स्थायिक झाले. ती पिढी आता वृद्ध झाली आहे. तिने साठविलेला पैसा मुलांच्या हाती जाऊ लागला आहे, आणि त्याबरोबर कराचे प्रश्नही. त्यांपैकी एकच आम्ही येथे घेत आहो: आईवडिलांनी रूपांतरित केलेले निवृत्तिखाते मुलाकडे आले, तर कर कोणी व केव्हा द्यावयाचा?

तेथील वैयक्तिक निवृत्तिखाती मुख्यतः दोन प्रकारची. १९७४ च्या कायद्याने आलेल्या खात्यात पैसे भरताना बहुधा सवलत मिळते, पण काढताना प्राप्तिकर बसतो. १९९८ पासून सुरू झालेल्या, सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खात्यात क्रम उलटा: कर आधी द्यावयाचा, पुढे नियम पाळल्यास काही नाही. जुन्या खात्यातील रक्कम रॉथ खात्यात नेणे म्हणजे रूपांतर. ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते. तेव्हा रूपांतराने कर टळत नाही. तो आईने भरावयाचा की मुलाने, एवढेच ठरते.

समजा, ८२ वर्षांच्या एका आईने २०२३ साली ४०,००० डॉलर रूपांतरित केले. तिचा दर शेकडा २२, म्हणून कर ८,८०० डॉलर झाला. तीच रक्कम जुन्या खात्यातून शेकडा ३२ दराच्या मुलास मिळती, तर १२,८०० पडले असते. मुलाचा दर आईहून कमी असेल, तर मात्र हाच व्यवहार तोट्याचा. शिवाय त्या वर्षाची सक्तीची उचल आधी करावी लागते, आणि वाढलेल्या उत्पन्नामुळे दोन वर्षांनी सरकारी आरोग्यविम्याचा हप्ताही वाढू शकतो. २०१८ पासून केलेले रूपांतर मागे घेता येत नाही. आणि आईच्या पश्चात मुलास ते करता येत नाही.

आता आई २०२५ मध्ये वारली व खात्यात ४६,००० डॉलर आहेत, असे धरू. येथे दोन मुदती लागू होतात.

पहिली पाच वर्षांची. ती मृत्यूपासून नव्हे, तर आईच्या पहिल्या रॉथ खात्याच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. आपल्या उदाहरणात ती २०२७ अखेर संपते. तोपर्यंतही ४०,००० ची मूळ रक्कम आधी निघते असे कायदा मानतो, व तीवर कर नाही. वरचे ६,००० मात्र २०२८ पूर्वी काढल्यास करपात्र होतात. अकाली उचलीचा शेकडा १० दंड वारसास लागत नाही.

दुसरी मुदत दहा वर्षांची. ती २०१९ च्या कायद्याने, २०२० पासूनच्या मृत्यूंस लागू झाली. मृत्यूनंतरच्या दहाव्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे येथे ३१ डिसेंबर २०३५ पर्यंत, खाते रिकामे झाले पाहिजे. न झाल्यास राहिलेल्या रकमेवर शेकडा २५ पर्यंत दंड आहे. पती वा पत्नी, मृताचे अज्ञान मूल, अपंग, दीर्घकाळ आजारी, आणि मृताहून दहा वर्षांपेक्षा अधिक लहान नसलेला वारस यांस वेगळे नियम आहेत. रॉथ खात्यात मधल्या वर्षी उचल सक्तीची नाही. जुन्या खात्यात, मालकाची सक्तीची उचल सुरू होण्याचे वय उलटून गेले असेल, तर वारसास दरवर्षीही काढावे लागते. म्हणून पैशाची निकड नसेल तर रॉथ खाते शेवटपर्यंत वाढू द्यावे, हे सामान्यतः हिताचे.

सर्वांत मोठी चूक घाईची असते. मुलाने सगळ्या रकमेचा चेक आपल्या नावे घेतला, की ती परत भरता येत नाही; पुढील करमुक्त वाढ तेथेच संपते. पैसे संस्थेकडून संस्थेकडे, मृताचे नाव कायम ठेवलेल्या वारसाखात्यात गेले पाहिजेत.

आईवडील हयात आहेत तोवर दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: पहिले रॉथ खाते कोणत्या वर्षी उघडले, आणि संस्थेकडे वारस म्हणून कोणाचे नाव आहे. मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असले, तरी चालते ते संस्थेकडील नाव. हे प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांची उत्तरे पुढे कागदपत्रांत शोधण्यापेक्षा आईच्या तोंडून ऐकणे केव्हाही सोपे.