चांगथांगची पश्म आणि तिचे राखणदार

जून उजाडला की चांगथांगवरचे चांगपा पशुपालक लांब दात्यांची फणी हाती घेतात. शेळीला आडवी पाडून तिचे पाय बांधायचे आणि राठ केसांखालची मऊ लव हलक्या हाताने विंचरून काढायची. हीच पश्म. लडाखच्या पूर्वेचं हे पठार १४ हजार फुटांहून उंच आहे. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्या खाली जातो आणि त्या थंडीपायीच शेळी ही लव धरते. वर्षाकाठी एका शेळीची पश्म पाव किलोच्या आसपास. त्यातले राठ केस आणि माती काढली की निम्मीही उरत नाही.

एवढ्याशा मालासाठी राज्यं भांडली. लडाख आणि तिबेट यांच्यातल्या १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने हा व्यापार काश्मीरकडे बांधून दिला. १८४१ मध्ये डोग्रा सेनापती जोरावरसिंग तिबेटवर चालून गेला त्यामागेही पश्म होती. शेळी राखणाऱ्याला मात्र कच्च्या मालाचाच भाव मिळत राहिला, कारण लव निवडण्याचं, कातण्याचं, विणण्याचं सगळं काम खाली काश्मीरात होई. म्हणून चांगपांची सहकारी संस्था आणि लेहमधला पश्म स्वच्छ करण्याचा कारखाना मला मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या दूध संघांनी गवळ्याला जे बळ दिलं, तेच इथे हवं आहे: माल एकत्र, भाव एकत्र.

पण भाव वाढला म्हणजे शेळ्या वाढवाव्याशा वाटतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते. मंगोलियात १९९० नंतर जुन्या सहकारी संस्था मोडल्या, कळप खासगी झाले; सुमारे ५० लाख शेळ्यांच्या अडीच कोटींहून जास्त झाल्या आणि कुरणं झिजली. चांगथांगवर अजून गोबा, म्हणजे गावप्रमुख, पंचांसह बसून कुठल्या कुरणावर कुणी कधी जायचं ते ठरवतो. इथेही मेंढ्या-याकांच्या तुलनेत शेळ्यांचं प्रमाण वाढलंय. तरी गवताला विसावा देणारी ही शिस्त कारखान्याइतकीच जपायला हवी.

ती जपणारी माणसंच कमी होताहेत. २०१२-१३ च्या हिवाळ्यात बर्फाने चारा गाडला आणि हजारो जनावरं दगावली. चांगथांगवरच्या खारनाकची बरीच चांगपा कुटुंबं लेहजवळ येऊन स्थिरावली. मुलांची शाळा, दवाखाना, पगाराची नोकरी या ओढीला नावं ठेवता येणार नाहीत. सीमेलगतची काही हिवाळी कुरणंही आता चांगपांना बंद आहेत.

२०२३ मध्ये लडाख पश्मिनाला भौगोलिक मानांकन मिळालं. एका शालीला दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लव लागते, तेव्हा प्रदर्शनात हजार रुपयांना मिळणारी शाल पश्मिना असूच शकत नाही. खरी घेणार असाल तर मानांकनाची खूण पाहा, लोकर कुठल्या कळपाची ते विचारा, आणि तिचा पुरा भाव द्या.