पाण्याच्या मोटरीला तेलाचं काम

नळाला पाणी येण्याच्या वेळेला बैठ्या घरांच्या ओळीत जी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर घरघरायला लागते, तिची चुलतबहीण अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये भलत्याच कामाला जुंपलेली असते. बटाट्याच्या सळया तळून काळवंडलेलं हॉटेलचं तेल ती तासन्‌तास घुसळते आणि त्याचं बायोडिझेल होतं. 2000 सालानंतर तिथे घरच्या घरी गाडीचं इंधन करणाऱ्यांची मोठी लाट आली. त्यांच्यातल्या मारिया आलोव्हर्ट या बाईंनी ‘ॲपलसीड’ नावाच्या रिॲक्टरचा आराखडा सगळ्यांना खुला करून दिला. मोडीतला उभा इलेक्ट्रिक बॉयलर, लोखंडी पाइप, चार-सहा बॉल व्हॉल्व्ह आणि तळाशी एक स्वस्त, एक इंची पंप. हा पंप बहुतेक जण हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानसाखळीतून आणत. त्याचं नावच मुळी ‘क्लिअर वॉटर पंप’. म्हणजे स्वच्छ पाणी सोडून काही घालू नका, असं कारखान्याने आधीच बजावलेलं.

रसायनाचा भाग थोडक्यात सांगतो. 100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर मिथेनॉल आणि त्यात विरघळवलेला कॉस्टिक, तापमान 50 ते 55 अंश, घुसळण एक-दोन तास. मग ग्लिसरीन खाली बसतं आणि इंधन वर राहतं. पण तेल आणि मिथेनॉल आपणहून मिसळत नाहीत. मिसळण्याचं सगळं काम पंपाचं. कॉस्टिक किती घालायचं ते कुठल्याही पुस्तकात सापडेल. घाणा अडतो तो बहुतेक वेळा पंपापाशी.

पंप उघडून पाहिला तर आत पितळेची चकती दिसते आणि तिच्या कडेला बारीक खाचा. चकती आणि घर यांच्यातली फट जेमतेम कागदाच्या जाडीची. या खाचा पाण्याला गोल फिरवत पुन्हा पुन्हा धक्का देतात, म्हणून एवढीशी मोटर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवते. तेलाच्या कामात हीच फट वैरीण होते. तळणीतला एक करपलेला कण अडकला की चकती जाम. म्हणून तेल आधी गरम करून, कापडातून गाळून घ्यायचं. चहाच्या गाळणीने भागत नाही.

आणखी एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. शेतावरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की मोटरीवरचा भार उतरतो. या खाचांच्या चकतीचं गणित उलटं आहे. पुढची वाट जितकी अडवाल तितकी मोटर जास्त ओढते आणि तापते. मिश्रण चांगलं व्हावं म्हणून परतीच्या पाइपाला हौसेने बारीक नोझल बसवलं की पाव तासात मोटरीला हात लावता येत नाही. सक्शनही आखडतं ठेवायचं नाही. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं. गरम मिश्रण अरुंद तोंडातून ओढलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप खडी भरल्यासारखा कडकडतो.

तेल थंड असताना मोटर चालू करणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. 40 अंशांनासुद्धा खाद्यतेल पाण्याच्या सुमारे पन्नासपट चिकट असतं. बायोडिझेल झालं की तोच द्रव सात-आठ पटींनी पातळ होतो आणि मोटरीचा आवाज हलका पडतो. मुरलेली माणसं घड्याळाआधी या आवाजाकडे कान लावतात.

आपल्याकडच्या मोटरीसारखी हीसुद्धा ‘एअर’ पकडते. तेलाने भरलेली टाकी वर, पंप तिच्या खाली, अशी मांडणी केली की प्रायमिंगची कटकट उरत नाही. मिथेनॉल-कॉस्टिकचं मिश्रण सक्शनच्या बाजूच्या छोट्या व्हॉल्व्हमधून हळूहळू ओढायचं आणि कॅन रिकामा होण्याच्या जरा आधीच तो व्हॉल्व्ह बंद करायचा. नाहीतर हवा आत जाते आणि सील कोरडं घासतं. हे सील म्हणजे कार्बनची एक कडी, सिरॅमिकची दुसरी, मागे स्प्रिंग आणि रबर. मूळ रबर बायोडिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. विटॉनचं सील बसवलं तर जास्त टिकतं. शाफ्टखाली पहिला थेंब दिसला की घाणा तिथेच थांबवायचा. कारण त्या थेंबात मिथेनॉल आहे, शेजारी साधी मोटर आहे जी ठिणगी उडवणारच नाही याची कोणी हमी दिलेली नाही, आणि मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतही नाही. त्यामुळे टाकीत मिथेनॉल सोडण्याआधी हीटर बंद, स्विच लांब, दारं-खिडक्या उघड्या.

महाराष्ट्रात हा उद्योग घरी करून पाहावा असं मी सुचवणार नाही. 2015 साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच, आणि त्याच्या साठवणुकीवर निर्बंध आहेत ते उगाच नाहीत. तळणीच्या तेलाला मात्र आपल्याकडेही वाट आहे. त्यातल्या ‘पोलर’ घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल स्वयंपाकातून बाद, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून लागू आहे आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलच्या कारखान्यांकडे धाडण्याची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षीची.

घाणा संपला की खरी निगा सुरू होते. ग्लिसरीन पाइपात राहिलं तर थंडीच्या रात्रीत गोठल्यासारखं होतं, सोबत साबणाचा थर. सकाळी बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ‘होईल सुरू’ म्हणत बटण दाबून ठेवलं की वाइंडिंग गेलंच, आणि रिवाइंडिंगच्या पैशांत नवा पंप येतो. म्हणून शेवटी दोन-चार लिटर गरम, तयार बायोडिझेल पंपातून फिरवायचं आणि खालचा प्लग उघडून सगळं काढून टाकायचं. पाण्याने धुवायचा मोह आवरावा. आत राहिलेलं पाणी लोखंडाला गंज आणतं आणि पुढच्या घाण्यात पुन्हा साबण करतं. तयार इंधन पंपात भरून महिनाभर ठेवणंही वाईट, कारण पितळेतलं तांबं बायोडिझेल लवकर खराब करतं. आणि इंधन पाण्याने धुताना या पंपाला दूरच ठेवायचं. ताक घुसळताना लागतो तो जोर इथे लावला की साबण, पाणी, तेल यांचा पांढरा रबडा होतो आणि तो सुटता सुटत नाही.

जाम झालीच तर प्लग सॉकेटमधून काढायचा आणि मागचं पंख्याचं झाकण उघडायचं. बऱ्याच मोटरींच्या शाफ्टला मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असते. पंपाच्या डोक्यावर गरम पाण्यात भिजवलेलं, घट्ट पिळलेलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबायचं, मग त्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून शाफ्ट थोडा पुढे, थोडा मागे. आतलं ग्लिसरीन सैल झालं की तो एकदम सुटतो आणि हाताला ते लगेच कळतं.