बाटलीच्या बुडाची साक्ष

मेपल वृक्षाचा रस आटवून केलेला पाक अमेरिकेंत धिरड्यासारख्या पॅनकेकवर ओततात. आपल्याकडे घावनाबरोबर काकवी वाढावी तसाच हा प्रकार. असे पाक कांचेच्या बाटल्यांतून विकले जात, आणि रिकामी बाटली टाकून देणें कोणत्याच देशांतील गृहिणीच्या जिवावर येतें. त्या बाटल्या आतां जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात. प्रत्येकीबरोबर एखादें वर्षही सांगितलें जातें. तें बहुधा अंदाजानें.

कागदी चिठ्ठी केव्हांच गळून गेलेली असते. तेव्हां बाटली पालथी करून पाहावी.

सन १९२९ मध्यें दोन कंपन्या एकत्र होऊन ओवेन्स-इलिनॉय ही कांचकंपनी निघाली. तिच्या बाटल्यांच्या बुडावर साच्यांतूनच उठलेलें एक चिन्ह असे: समभुज चौकोन व लंबगोल एकमेकांत गुंतलेले, आणि मध्यभागीं 'आय' हें इंग्रजी अक्षर. डावीकडील आंकडा कारखान्याचा. ९ म्हणजे इलिनॉय संस्थानांतील स्ट्रीटर, ७ म्हणजे तेथलेंच आल्टन. खालचा आंकडा साच्याचा. उजवीकडचा वर्षाचा, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

आरंभीं वर्षाचा शेवटचा अंक तेवढा घालीत. २ म्हणजे १९३२. पण दहा वर्षांनीं तोच अंक पुन्हां आला! म्हणून १९४० नंतर अनेक ठिकाणीं अंकापुढें टिंब देऊं लागले. परंतु टिंब सर्वत्र दिलेलें नाहीं, आणि दिलेलें असलें तरी झिजतें. अशा वेळीं दुसरा साक्षीदार शोधावा. 'ड्युराग्लास' हा शब्द हस्ताक्षराच्या वळणानें उठविलेला असेल, तर ती बाटली १९४० पूर्वींची असूंच शकत नाहीं. बुडावरचे बारीक खरखरीत ठिपकेही त्याच वर्षापासूनचे. पुढें दोन अंकी वर्षें आलीं, आणि १९५४ पासून चौकोन हळूहळू गेला. लंबगोल व 'आय' एवढेंच राहिलें.

समजा, एका घरांत आजीच्या १९३५ सालच्या लग्नांतली म्हणून एक बाटली जपून ठेविली आहे. बुडावर ९, चिन्ह, २, आणि खालीं 'ड्युराग्लास'. टिंब नाहीं. तरीही ती १९३२ ची नव्हे, १९४२ ची. आजी खोटें सांगत होती असें मात्र म्हणूं नये; लग्नांतली बाटली फुटून तिच्या जागीं ही आली असेल, किंवा दोन आठवणी एक झाल्या असतील. शिवाय बूड कांचेचें वर्ष सांगतें, आंतल्या पाकाचें नव्हे. चिठ्ठीवर १९४२ लिहावें, आणि आजीची हकीकत तिच्याच शब्दांत शेजारीं निराळी उतरून ठेवावी.